दान की साक्ष?

मुक्त सॉफ्टवेअरमधील चूक कळवणे हे दान की साक्ष? कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात दानपेटीत पडलेल्या नोटेला कोणी नाव विचारत नाही. साक्षीदाराला मात्र उलट प्रश्न विचारता यावे लागतात. चूक कळवणारी नोंद दोन्ही असते, आणि पेच तिथेच आहे.

समजा, लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या हिशेबात ‘गुऱ्हाळ’ शब्दातले ऱ्ह हे जोडाक्षर तुटते. चूक कळवताना फाइल तशीच जोडली, तर ऊस घालणाऱ्यांची नावे, त्यांची येणी, सारे चव्हाट्यावर; फाइलच्या गुणधर्मांत लिहिणाऱ्याचे नाव असू शकते ते वेगळेच. डेबियन या मुक्त प्रणालीच्या चुकांच्या जाहीर नोंदवहीत तर कळवणाऱ्याचा ईमेलही दिसतो. सत्य ठरवायला यातले काहीच लागत नाही. त्या एका शब्दाची नवी फाइल, आवृत्तीचा क्रमांक आणि फाँटचे नाव पुरते. पडताळा कोणीही आपल्या संगणकावर घेऊ शकतो. इथे साक्षीदाराची पत नावावर नव्हे, तर चूक पुन्हा घडवून दाखवता येण्यावर ठरते. टोपणनाव चालते, वेगळा ईमेलही चालतो. फक्त तो अधूनमधून उघडावा लागतो, कारण दुरुस्ती करणाऱ्याचा उलट प्रश्न तिथेच येऊन पडतो.