मोजण्याला काम

मूल नजर देत नाही, बोलत नाही, म्हणजे आई कुठेतरी कमी पडली, हा निष्कर्ष फक्त आपल्याकडच्या आत्या-मावश्यांचा नाही; एकेकाळी तो तज्ज्ञांचाही होता. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरहून अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि ऑटिझम ही वेगळी अवस्था म्हणून मांडली. ती जन्मजात असावी, असं त्यांनी लिहिलं. पण या मुलांचे आईवडील बरेचसे रुक्ष वाटतात, अशी नोंदही करून ठेवली. लोकांनी उचलली ती नोंद. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर आईबापांपासून मूल तोडणं हाच उपाय ठरवला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने (त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता) १९६४ मध्येच या समजाचा पुराव्यांनिशी समाचार घेतला होता. तरी बेटेलहाइमचं पुस्तक १९६७ मध्ये आलं आणि गाजलं. पुढे १९७७ साली फोलस्टीन आणि रटर या संशोधकांनी, ज्यांत निदान एकाला ऑटिझम आहे अशी जुळी मुलं तपासली. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही नाही. म्हणजे मूळ आनुवंशिकतेकडे बोट दाखवत होतं, संगोपनाकडे नाही. आयांची सुटका झाली, उशिरा का होईना.

हा सगळा वाद कारणांचा. मुलाला शिकवायचं कसं, याचं उत्तर मात्र एका शेतकरी जोडप्याला आधीच सापडलं होतं. कॅनर यांच्या अकरांतला पहिला मुलगा, मिसिसिपीचा डॉनल्ड ट्रिपलेट, काही काळ दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या याच जोडप्याच्या घरी राहत होता. १९४५ मध्ये कॅनर तिथे गेले आणि थक्क झाले. पोराला मोजमापाचं वेड, म्हणून त्या दोघांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितलं. मेलेली पाखरं, किडे गोळा करतो, तर त्यासाठी दफनभूमी म्हणून जागाच नेमून दिली. मक्याच्या ओळी पुन्हापुन्हा मोजतो? मग नांगर धरून मोज! कॅनर यांच्यासमोर त्याने सहा लांबच लांब ओळी नांगरल्या, घोडा नीट वळवला. गावच्या शाळेनेही त्याचं वेगळेपण चालवून घेतलं. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला.

त्या जोडप्याने सवय मोडली नाही, तिला काम दिलं. बेटेलहाइमच्याच शिकागोत शिकलेल्या एरिक शॉप्लर यांनी नॉर्थ कॅरोलिनात पालकांना सोबत घेऊन जी पद्धत उभी केली, तिची दिशा मला याच्या जवळची वाटते: प्रत्येक कामाची जागा ठरलेली, पुढे काय ते चित्रांच्या वेळापत्रकात दिसणारं, काम संपलं हेही डोळ्यांना कळणारं. आपल्या शाळेत अचानक तास बदलला, प्रार्थनेऐवजी मैदानावर रांग लागली, की एखादं मूल कान झाकून ओरडतं आणि शेरा पडतो ‘हट्टी आहे’. आदल्या दिवशी त्याला चित्रातून सांगून ठेवायला पैसे लागत नाहीत. ‘आधी माझ्याकडे बघ, मग उत्तर दे’ हा आग्रहही सोडता येतो. कित्येक मुलांना बघणं आणि ऐकणं एकदम जमत नाही.

आपल्या देशात १९९५ च्या अपंगत्व कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला. शाळा आता नाही म्हणू शकत नाहीत. त्यावर बऱ्याच ठिकाणी निघालेला तोडगा म्हणजे शॅडो टीचर, वर्गात त्या एकाच मुलासोबत बसणारी शिक्षिका. तिचं काम मोलाचं आहे, पण ती आली की वर्गाच्या बाई निर्धास्त होतात. मूल मागच्या बाकावर दिवसभर तिच्याशीच बोलतं, आणि समावेशन होतं ते हजेरीपटावर.