नदीचा सरवा

गोंदिया हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव तेथील धानाच्या बांध्यांना आजही पाणी पुरवितात. पुढे बाघ नदीवर पुजारीटोला येथे आणि गाढवी नदीवर इटियाडोह येथे धरणे झाली. पाणी अडविणे हे पुण्यकर्म आणि ते वाहू देणे ही उधळपट्टी, अशी समजूत आपल्या मनात रुजली आहे. समुद्राला मिळणारे पाणी 'वाया गेले' असे आपण सहज म्हणतो. हा शब्द कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

बाघ नदीला पोटात घेऊन वैनगंगा भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाशी पोहोचते. तेथून बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत पाणी नेण्याच्या नदीजोड प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. पश्चिम विदर्भातील शेतकऱ्याचे दुःख ज्याने पाहिले आहे, तो ह्या योजनेला सहजासहजी नावे ठेवणार नाही. तथापि नदीचे 'अतिरिक्त' पाणी नेले जाईल असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा प्रश्न उभा राहतो: अतिरिक्त म्हणजे कोणाची गरज भागल्यानंतरचे?

लेवीय ग्रंथात शेतकऱ्याला एक आज्ञा आहे. त्याने शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये. कडेचे पीक आणि सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, ती ह्याच आज्ञेच्या आधाराने. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ही आज्ञा शेतमालकाला आहे; गरिबाने त्याच्या दारी याचना करावी असे तीत नाही. शिवाय कोठार भरल्यावर उरेल ते द्यावे असेही ती सांगत नाही. विळा चालविण्यापूर्वीच शेताची कड राखून ठेवायची आहे.

नदीच्या पाण्यालाही हाच न्याय लागू का होऊ नये? ह्या राखीव वाट्याला शास्त्रज्ञ 'पर्यावरणीय प्रवाह' म्हणतात. त्या प्रवाहावर मासे जगतात, डोह भरलेले राहतात, काठच्या विहिरींना पाझर मिळतो, सारस पक्ष्याला चारा मिळतो आणि ढिवर बांधवाच्या जाळ्यात मासळी येते. खालच्या अंगाच्या गावांची तहानही त्यावरच भागते. तेव्हा वाहते पाणी कोणाच्या तरी ताटातले असते. ते वाया जात नाही.

कड किती राखावी? मोशेच्या नियमशास्त्रात तिचे माप दिलेले नाही. पुढे यहुदी शास्त्र्यांनी निदान साठावा हिस्सा ठरविला. दयेलाही माप लागते, नाहीतर ती केवळ सदिच्छा राहते. अमेरिकेतील डोनाल्ड टेनंट ह्यांनी १९७६ साली असेच माप सुचविले: वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्क्यांवर नदीतील जीव जेमतेम तग धरतात, त्यांना बऱ्यापैकी जगायचे असेल तर ३० टक्के हवेत. आपल्याकडे उगमाकडील हिमनद्यांपासून हरिद्वारपर्यंतच्या गंगेच्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली ऋतुमानाप्रमाणे मासिक सरासरी प्रवाहाच्या २०, २५ व ३० टक्के अशी किमान मर्यादा घालून दिली. मात्र वैनगंगेसारख्या नदीचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत येते. तिला केवळ वार्षिक सरासरी लावून भागणार नाही. पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालण्यासाठी वर चढतात. त्या वेळी लागणारे पाणी वेगळे, वैशाखातल्या डोहाला लागणारे वेगळे. हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोजमाप करताना अभियंत्याने त्यांच्यापाशीही बसले पाहिजे.

कोणी विचारील, 'धान वाळत असताना माशांसाठी पाणी सोडायचे काय?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलाबाळांच्या घासाची चिंता करणाऱ्याला आपण प्रवचन ऐकवू नये. पण त्यागाचा क्रम तरी न्यायाचा असावा. दोन एकरांच्या शेतकऱ्याला उपवास घडविण्याआधी मोठे कारखाने, शहरे आणि भर उन्हाळ्यात धानाच्या मोठ्या क्षेत्राला पाणी देणारे ह्यांनी आपापली ओंजळ आखडती घ्यावी. ज्याला अधिक दिले आहे त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, ही शिकवण आपल्या प्रभूचीच आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले. नदी आटते तेव्हा प्रथम ढिवराची चूल विझते, हे पाहिले म्हणजे त्या शिकवणुकीचा अर्थ उमगतो.

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या मस्तकावर पाणी ओतले गेले. ते आपण निर्माण केले नव्हते, ते आपल्याला मिळाले. मिळालेल्या वस्तूचा शेवटचा थेंबही आपलाच, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? बवाजाने आपल्या गड्यांना बजावले होते की, पेंढ्यांतली काही कणसे रूथसाठी मुद्दाम गळू द्या. त्यामुळे त्याचे कोठार रिकामे राहिले नाही. उलट त्याच रूथच्या वंशात दावीद जन्मला आणि पुढे आपला तारणारा. धरणाची दारे बंद करताना त्या बवाजाची आठवण ठेवावी, एवढीच प्रार्थना.