मिस्त्रींची रायफल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत. उभा जन्म लेथवर गेला. ड्रॉइंग हातात पडलं की जॉब कुठं धरायचा, पहिला कट कुठून घ्यायचा, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. पन्नाशीच्या उंबऱ्यावर त्यांना एअर रायफलचं वेड लागलं. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं आणि जिल्ह्यात घरोघरी नेमबाजीचा विषय निघू लागला. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली तेव्हापासून मिस्त्रींच्या मनात हे होतंच. आता मुलं मार्गी लागली होती. त्यांनी ओळखीतून एक वापरलेली जर्मन रायफल घेतली आणि संध्याकाळी रेंजवर जाऊ लागले.

दहा मीटरचा खेळ बघायला सोपा वाटतो. पेलेट 4.5 मिलिमीटरचं, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. समोर कागदावर काळा गोल, त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तो दहाचा. दुर्बीण लावायची नाही. मागे डायोप्टरचं बारीक छिद्र आणि पुढे एक कडी, एवढ्यावरच नेम धरायचा. डायोप्टर आणि पुढची कडी यांत साधारण 80 सेंटिमीटरचं अंतर असतं. तिथं रेषा 0.1 मिलिमीटर चुकली तर दहा मीटरवर पेलेट सव्वा मिलिमीटर सरकतं, म्हणजे निम्मा गुण गेला. शंभर मायक्रॉन म्हणजे काय हे मिस्त्रींना कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत त्यांचे छर्रे काळ्या गोलात चौफेर पसरलेले दिसले तेव्हा त्यांनी निदान करून टाकलं.

"मॅडम, रायफलच गंडलीया बगा. मी करतो नीट."

रेंजवरच्या प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या, "थोडं थांबा." पण मिस्त्रींचा हात थांबणारा नव्हता.

आधी चीकपीस, म्हणजे दस्त्यावरचा गाल टेकायचा भाग, गेलं. त्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढलेलं नवं बसलं, दोन दांड्यांवर वरखाली होणारं, पाव-पाव मिलिमीटरच्या खुणा असलेलं. मग खांद्याला टेकणारी बटप्लेट. मग नळीच्या टोकाला पितळेची तीन वजनं, आरशासारखी घासलेली. मग शिसवी लाकडाची मूठ, त्यांच्याच पंजाचा साचा घेऊन कोरलेली. नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. मिस्त्रींनी एकेक ग्रॅम मोजून ती मर्यादेच्या आत ठेवली. काम इतकं देखणं होतं की शेजारच्या लेनवरची मुलं सराव सोडून बघायला यायची. असं काम पैसे टाकून मिळत नाही. ते बघून आपल्या मातीतल्या कारागिराबद्दल कुणालाही अभिमानच वाटेल.

गुण मात्र वाढले नाहीत. एखाद्या संध्याकाळी ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, आवळून यायचा, मिस्त्री खूश होऊन घरी जायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पांगलेलं. ग्रुप कशानं आवळला आणि कशानं पांगला हे सांगणार कोण? प्रत्येक वेळी दोन-तीन गोष्टी एकदम बदललेल्या असायच्या. त्यात त्यांना आणखी एक खोड लागली. छर्रा उजवीकडे गेला की डायोप्टर डावीकडे दोन क्लिक, खाली गेला की वर तीन क्लिक. प्रत्येक छर्ऱ्यामागे क्लिक. ही खोड अनेक नव्या नेमबाजांना असते आणि ती वाटते तितकी निरुपद्रवी नाही. हाताच्या स्वाभाविक थरथरीनं इकडेतिकडे गेलेल्या प्रत्येक छर्ऱ्याची चूक तेवढ्याच मापानं उलटी फिरवत राहिलं, तर पसारा कमी होत नाही, उलट सुमारे 1.4 पट होतो. हे गणितानं दाखवता येतं. साईट हलवायची ती ग्रुपचा मध्य बघून, एकट्या छर्ऱ्याकडे बघून नव्हे.

शेवटी ते ट्रिगरकडे वळले. एअर रायफलीत ट्रिगर किती हलका असावा यावर नियमाचं बंधन नाही. मिस्त्रींनी तो हलका करत करत अशा टोकाला नेला की एका संध्याकाळी गोल नीट दिसायच्या आतच रायफल सुटली. छर्रा समोरच्या भिंतीत गेला. नळी रेंजच्या दिशेलाच होती, कुणाला काही झालं नाही. पण मॅडमनी तिथल्या तिथं रायफल खाली ठेवायला लावली, नळीत सेफ्टी फ्लॅग घातला आणि मिस्त्रींना बाहेरच्या बाकावर नेलं.

"पहिल्यांदा हा ट्रिगर होता तसा करा. त्याशिवाय या रायफलीला माझ्या रेंजवर जागा नाही," त्या म्हणाल्या. वयानं त्या मिस्त्रींहून लहान, पण आवाजात नरमाई नव्हती. मग जरा वेळानं विचारलं, "मशीनवर जॉब आउट निघाला तर काय करता तुम्ही?"

"आधी बघतो, एकच आउट हाय का सगळेच."

"मग?"

"मग एका टायमाला एकच गोष्ट हलवायची. ऑफसेट हलवला तर फीडला हात लावायचा न्हाई. न्हाईतर कशानं काय झालं ते कळतच न्हाई."

मिस्त्री स्वतःच्या बोलण्यावर गप्प झाले. मॅडमनीही त्यावर काही जोडलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, "रायफल व्हाइसमध्ये बांधा. तुमचा हात, खांदा, डोळा काही नको. तिला एकटीला दहा वेळा मारू द्या."

हे काम मिस्त्रींच्या आवडीचं होतं. त्यांनी जाड प्लेटवर एक फिक्श्चर बनवलं, जबड्यांना चामडं लावलं, टेबलाला बोल्ट मारले. ट्रिगर पूर्ववत केला. एका डब्यातली दहा पेलेट्स एकामागून एक सोडली. कागद पुढे आणला तर त्यावर एकच भोक. व्हर्नियर लावला. बाहेरून बाहेर पाच मिलिमीटरच्या जरासं वर. म्हणजे साडेचार मिलिमीटरची दहाच्या दहा पेलेट्स जवळजवळ एकाच वाटेनं गेली होती.

मिस्त्रींनी मग जुनं चीकपीस, जुनी मूठ, सगळं मूळचं लावून पुन्हा दहा मारले. भोक तेवढंच.

मला या गोष्टीत हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. कुशल माणसाला बिघाड नेहमी तिथं दिसतो जिथं त्याचा हात चालतो. लाकूड कोरता येणाऱ्याला दस्त्यात, धातू येणाऱ्याला वजनात. कौशल्य जितकं मोठं तितका हा भ्रम पक्का, कारण दुरुस्ती सुबक होते आणि सुबक दुरुस्तीवर संशय घेणं जड जातं. मिस्त्रींचा मोठेपणा असा की दोन कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांनी वाद घातला नाही.

"म्हंजे मीच," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणजे तुमचा कुठला भाग, ते शोधायचंय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना उभं केलं. रायफल खांद्याला, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं. डोळे मिटा. दोन-तीन श्वास घ्या. अंग सैल सोडा. आता उघडा. कडीत काळा गोल नव्हताच. रायफल बरीच उजवीकडे बघत होती. मिस्त्री इतके दिवस तिला स्नायूंच्या जोरावर ओढून गोलावर आणत होते, आणि ट्रिगर सुटताना स्नायू ढिले पडले की ती आपल्या जागी परत सरकत होती. यावर इलाज हात ओढून धरणं हा नाही. पाय सरकवायचे. अख्खं अंग पायांवर वळवायचं, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे. गोल आपोआप कडीत येईपर्यंत.

त्या दिवशी मॅडमनी त्यांना अभिनव बिंद्राची हकिकत सांगितली. 2008 चं बीजिंग ऑलिंपिक, अंतिम फेरीच्या आधीचा साईटर, म्हणजे गुणांत न धरला जाणारा चाचणीचा छर्रा, आणि बिंद्राचा छर्रा चारच्या घरात. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेला माणूस दहा मीटरवर चार मारत नाही. त्यानं ओळखलं, साईट हललेली आहे. ती कुणीतरी हलवली होती असं त्यानं आत्मचरित्रात सांगितलंय. हाताशी असलेल्या थोड्या वेळात त्यानं क्लिक फिरवून साईट जागेवर आणली. अंतिम फेरीचा पहिला छर्रा 10.7, शेवटचा 10.8, आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. "त्याला स्वतःचा ग्रुप पाठ होता," मॅडम म्हणाल्या, "म्हणून दोष रायफलीचा आहे हे तो खात्रीनं म्हणू शकला. तुम्हाला अजून तुमचा ग्रुप माहीत नाही."

पुढचे कित्येक आठवडे मिस्त्रींनी रायफलीला पाना लावला नाही. घरी रिकाम्या रायफलीवर ड्राय सराव, रेंजवर पायांची जागा, श्वास, आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर नेम धरून राहणं. पसारा हळूहळू आवळत गेला. कंटाळवाणं काम होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि बहुतेकजण इथंच सोडून देतात.

मग एक वही आली. एका वेळी एकच बदल, त्याआधी दहा छर्ऱ्यांचा कागद, त्यानंतर दहा छर्ऱ्यांचा कागद, पेलेटचा डबा तोच. वहीनं निकाल द्यायला सुरुवात केली, आणि तो मिस्त्रींच्या विरोधातच होता असं नाही. त्यांनी बनवलेलं चीकपीस खरंच उपयोगी ठरलं. त्यांची मान आखूड. मूळच्या चीकपीसवर गाल टेकवायला डोकं वाकवावं लागायचं, डोळा दर वेळी वेगळ्या जागी यायचा. ते चार मिलिमीटर वर घेतल्यावर मान सरळ राहिली आणि उभा पसारा स्पष्ट कमी झाला. तीन पितळी वजनांपैकी एक टिकलं, कारण नळीला जरासा भार असला की ती कमी डुलते. उरलेल्या दोन्हींनी पाठ दुखायची, तिसाव्या छर्ऱ्यानंतर कागद बिघडायचा. शिसवी मूठ गेली. ती इतकी घट्ट बसायची की बोट ट्रिगरवर सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ओढायचं. ती काढताना मिस्त्रींना वाईट वाटलं, साहजिक आहे. आता ती वर्कशॉपच्या फळीवर आहे.

रायफल आपल्या अंगाला बसवून घेणं यात गैर काहीच नाही. हाडांनी भार पेलावा आणि स्नायूंनी विश्रांती घ्यावी यासाठीच तर या रायफलींना इतके स्क्रू दिलेले असतात. मिस्त्रींच्या रायफलीवर आज त्यांनी केलेल्या दोनच वस्तू आहेत. 60 छर्ऱ्यांच्या सामन्यात त्यांचे गुण तरुण पोरांच्या बरोबरीनं लागतात. ते फिक्श्चर त्यांनी रेंजला देऊन टाकलं. नवी रायफल किंवा नवा पेलेटचा डबा आला की मुलं आधी त्यावर तपासतात. आता बरेच नेमबाज त्यांच्याकडे चीकपीस करून मागायला येतात. मिस्त्री आधी वही आणि दहा छर्ऱ्यांचा कागद बघायला मागतात, आणि कागद नसेल तर काम घेत नाहीत.