सात वर्षांचं ठिबक, अकरा महिन्यांचा करार

बस. चहा नंतर. आधी तुझ्या हिशेबाचा हा कागद समोर घे.

एकरभर टोमॅटोला ठिबकाची लॅटरल नळी किती लिहिलीस? हजार मीटर. अरे, एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. बेड पाच फुटांवर पाडणार ना? मग भाग दे. 8,712 फूट, म्हणजे साधारण 2,650 मीटर. निम्म्याहून जास्त रान कोरडं ठेवून तू नफा काढलास! राहुरीच्या कृषी विद्यापीठात माझ्या वर्गात होतास, हे इथे दिल्लीच्या द्वारकेत कुणाला सांगू नकोस.

ड्रीपर 40 सेंटिमीटरवर, ताशी 4 लिटरचे. झाले 6,600 च्या वर. एकदम सोडलेस तर तासाला 26,000 लिटरहून जास्त पाणी. बोअर तेवढं देतं का, विचारलंस? व्हॉल्व्ह टाकून प्लॉटचे भाग पाडावे लागतील. तो खर्च कुठाय? सँड फिल्टर कुठाय?

ही झाली आकडेमोड. आता अकलेचं बघू. ‘पाण्याची बचत’ म्हणून 18,000 रुपये जमेला धरलेस. देणार कोण? बोअरच्या पाण्याचं बिल येतं का तुला? पंप कमी चालला तर विजेचे थोडे पैसे वाचतील, एवढंच. ठिबकाचा पैसा शेतकऱ्याला मालातून मिळतो. ओलावा एकसारखा राहिला की फळ तडकत नाही, खालून काळं पडत नाही. 12:61, 13:0:45 ही खतं थेट मुळाशी जातात. दोन बेडांमधला पट्टा कोरडा राहतो, खुरपणीची मजुरी घटते. आझादपूरच्या मंडीत कॅरेट ओतलं की तळाचा माल वरच्यासारखाच निघाला पाहिजे, भाव त्यावर ठरतो. यातलं एक अक्षर तुझ्या कागदावर नाही.

आणि भाव काय धरलास? 80 रुपये किलो! जुलै 2023 मध्ये सरकारने दिल्लीत गाड्या लावून आधी 90 ने, मग 80 ने टोमॅटो विकला, तोच ना? तो गिऱ्हाइकाचा भाव, शेतकऱ्याचा नव्हे. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे महाराष्ट्रात लोकांनी माल रस्त्यावर ओतला, ते वाचलं नाहीस? शिवाय तुझा तोडा येणार एप्रिल-मेमध्ये. त्याला जुलैचा भाव कसा लावलास? पाच रुपयांनी गेला तर 30 टनांचे दीड लाख. त्यातून तोडणी, कॅरेट, गाडीभाडं, बांबू-तार-सुतळी वजा कर आणि काय उरतं ते मला सांग.

सगळ्यात मोठा घोळ तर पुढेच आहे. ठिबकाचे 60,000, सात वर्षं टिकेल म्हणून या पिकावर सातवा हिस्सा टाकलास. पद्धत बरोबर. पण नजफगडच्या मालकाशी तुझा करार किती दिवसांचा? अकरा महिन्यांचा! लॅटरल गुंडाळून आणशील, पुरलेली मेनलाइन कशी आणणार? वर 55 टक्के अनुदान आधीच वजा केलंस. भाडेपट्ट्याच्या जमिनीला अनुदान हवं तर केंद्राच्या नियमात करार किमान सात वर्षांचा लागतो. म्हणजे अनुदान शून्य आणि जवळजवळ सगळा खर्च एकाच पिकाच्या डोक्यावर. हे तुला कळू नये?

मान खाली घालू नकोस, ऐक. नजफगडकडे बऱ्याच ठिकाणी भूजल खारं आहे. खाऱ्या पाण्यावर पाटापेक्षा ठिबक बरं, हे मीच शिकवलंय. पण क्षार ओलाव्याच्या कडेला साठतात आणि हलका पाऊस झाला की मुळांकडे सरकतात. अशा वेळी पावसातही ठिबक चालू ठेवावं लागतं. पाणी जड असेल तर ड्रीपरच्या तोंडावर पांढरा थर बसतो, तेव्हा आम्लाची प्रक्रिया आली. तू तर पाण्याची तपासणीच केली नाहीस.

उद्या बोअर चांगला अर्धा तास चालू दे, मग स्वच्छ बाटलीत पाणी भर आणि उजवा गावच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन तपासणी कुठे होते ते विचार. येताना मालकाला भेट. सात वर्षांचा करार नोंदवून देतो का, स्पष्ट विचार. नाही म्हणाला तर मेनलाइन पुरायची नाही. हा कागद इथेच ठेव. दुसरा आणशील तो पेन्सिलीने लिहून आण, आणि भावाच्या रकान्यात पाच रुपयांपासून सुरुवात कर.