आडवी बाटली आणि व्रताचा प्रश्न

मुळशी तालुक्यात एका बाजूला हिंजवडीची संगणक-नगरी आणि ताम्हिणी घाटाच्या वाटेवरील पर्यटन आहे, तर दुसऱ्या बाजूला तुळशीची माळ गळ्यात घालून मद्यमांस वर्ज्य करणारी वारकरी घरे आहेत. त्यामुळे दारूच्या परवान्याचा प्रश्न येथे महसुलापुरता मर्यादित राहत नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली विक्रीच नव्हे, तर प्राशनही परवान्याने बांधलेले आहे, आणि 2008 च्या आदेशाने गावातील स्त्रियांना दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान मागण्याचा अधिकार दिला. या मतदानात ‘आडवी बाटली’ हे चिन्ह बंदीचे, तर ‘उभी बाटली’ हे दुकान चालू ठेवण्याचे असते.

माळकऱ्याचा नेम किंवा बौद्ध पंचशीलातील मद्यत्यागाचे पाचवे शील हे व्रत, म्हणजे स्वतःच्या इच्छेने स्वतःवर घातलेले बंधन असते. मग इतरांच्या मतांनी लादलेला संयम धर्म ठरतो काय? तो धर्म ठरत नाही, हे मान्य करावे लागते. परंतु आडवी बाटली कोणाला व्रतस्थ करू पाहत नाही. पिणाऱ्याच्या व्यसनाची किंमत मजुरी गमावून आणि मार खाऊन जी स्त्री चुकवते, तिला दाराशेजारच्या विक्रीबाबत हे मतदान निर्णयाचा अधिकार देते. म्हणूनच बंदीसाठी प्रत्यक्ष झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण नोंदणीकृत मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते मागणारी या आदेशातील अट अन्याय्य आहे, कारण ती मजुरीमुळे मतदानाला न येऊ शकलेल्या स्त्रीचे मौन दुकानदाराच्या पारड्यात टाकते.