वुजूचे पाणी आणि आठशे कोटी माणसे



इ.स. १९५० मध्ये पृथ्वीवर सुमारे अडीचशे कोटी माणसे होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ही संख्या आठशे कोटींवर पोहोचली. घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माणसे तिपटीहून अधिक झाली. नद्या मात्र तेवढ्याच राहिल्या. हा विषय निघाला की आपण एकच उत्तर देऊन मोकळे होतो : रिज्क देणारा अल्लाह आहे.

हे उत्तर सत्य आहे. दारिद्र्याच्या भीतीने अपत्यांचा जीव घेऊ नका, त्यांचा आणि तुमचा पोशिंदा अल्लाहच आहे, अशी शिकवण दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये आहे (आयत ३१). म्हणून कोणतेही मूल श्रद्धावंताला ओझे वाटत नाही. परंतु याच सूरहमध्ये, अवघ्या चार आयती आधी, उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. आपण एकतिसावी आयत लक्षात ठेवली आणि सत्ताविसावी विसरलो.

या विसराची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाऊस कमी झाला होता, शहरही वाढले होते. पण त्याच अवर्षणग्रस्त मुलखात ऊस पाणी पीत होता आणि कूपनलिका अधिकाधिक खोल जात होत्या. प्रश्न केवळ तोंडांच्या संख्येचा नव्हता, हातांच्या सवयीचाही होता. पंक्तीला माणसे वाढली की ताटात टाकून दिलेल्या घासाचा गुन्हाही वाढतो.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एक ‘मुद्द’ पाण्याने वुजू करीत, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. हे माप एक लिटरहूनही कमी भरते. एकदा मी वुजू करताना नळाखाली बादली ठेवली. वुजू संपला तेव्हा ती निम्मी भरली होती. मिंबरवरून उपदेश करणाऱ्याची ही अवस्था! त्या दिवसापासून मी लोटा वापरतो.

अपत्यांमध्ये अंतर राखण्याविषयीही पती-पत्नीने परस्परसंमतीने, संकोच न बाळगता विचार करावा. सहाबांच्या काळात ‘अज्ल’ केले जात असे आणि त्यास मनाई झाली नाही, हे हजरत जाबिर (र.) यांच्या कथनावरून कळते. मातेचे आरोग्य आणि मुलाचे संगोपन या दोन्ही अमानती आहेत.

वाचकहो, प्रत्येक मूल आपले रिज्क घेऊन येते, यावर दृढ विश्वास ठेवा. पण ते रिज्क नदीच्या, मातीच्या आणि झाडांच्या वाटेने घरी येते. ती वाट आपणच बुजविली, तर कयामतच्या दिवशी दोष कोणाला देणार? आज घरात वुजूसाठी एक लोटा ठेवा आणि मुलांदेखत त्यानेच वुजू करा.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या देणग्यांची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.