गाडी रात्रीत बदलते, सवय बदलत नाही

२०२२च्या जुलैमध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्हीची ‘प्राइम’ ही आवृत्ती आणली, तेव्हा आपल्या मोटारव्यवसायात सहसा न घडणारी एक गोष्ट घडली. क्रूझ कंट्रोल, टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना, रीजनच्या कमीजास्त करता येणाऱ्या पातळ्या अशा नव्या आवृत्तीतल्या काही सोयी आधीच्या नेक्सॉन ईव्ही मालकांनाही विनामूल्य मिळतील, असं कंपनीने जाहीर केलं. त्यासाठी गाडीचा एकही भाग बदलायचा नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी न्यायची आणि सॉफ्टवेअर बदलून घ्यायचं, एवढंच. शोरूममधून बाहेर पडल्या क्षणापासून गाडी जुनी व्हायला लागते, हा आपल्या आधीच्या पिढ्यांचा अनुभव. इथे रांजणगावच्या कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली गाडी विकली गेल्यानंतरही नवं काही शिकत होती.

हिरव्या नंबरप्लेटची गाडी घेणाऱ्यांना या गोष्टीचं अप्रूप वाटतं, आणि ते साहजिक आहे. पण यातली रीजनची सोय जरा जवळून पाहिली पाहिजे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की विजेच्या गाडीची मोटर जनित्रासारखी चालते, चाकांची गती वीज होऊन बॅटरीत परत जाते आणि गाडी आपसूक मंदावते. रीजनची पातळी वाढवली तर ती इतकी मंदावते की, गर्दीतही ब्रेकला पाय कमी लागतो. कात्रजचा घाट उतरताना, कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलपाशी येताना पाय कुठे आणि किती उचलायचा हे चालक काही दिवसांत शिकतो. हे शिकणं डोक्यातून हळूहळू पायात उतरतं आणि मग त्याचा विचार करावा लागत नाही. गाडी चालवणं म्हणजे बहुतांशी अशा मुरलेल्या सवयींची बेरीज असते.

म्हणूनच सॉफ्टवेअरने गाडी बदलण्याचा प्रश्न यंत्राइतकाच माणसाचाही आहे. गाडी रात्रीत बदलू शकते. माणसाचे हातपाय रात्रीत बदलत नाहीत. ब्रेक, स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर यांच्या वागण्यात होणारा प्रत्येक बदल चालकाला आधी कळला पाहिजे, समजला पाहिजे आणि सरावासाठी त्याला वाव मिळाला पाहिजे. माझ्या मते विजेच्या गाड्यांबाबत आज पुण्यातल्या ग्राहकाने धरून ठेवावी अशी ही सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे.

दुरून पाठवलेलं सॉफ्टवेअर गाडीत किती खोलवर हात घालू शकतं, हे २०१८ साली अमेरिकेत दिसलं. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने टेस्लाच्या मॉडेल ३ गाडीची चाचणी घेतली, तेव्हा ताशी ६० मैलांच्या वेगावरून थांबायला तिला १५२ फूट लागले. टीका झाल्यावर कंपनीने अपडेट पाठवलं आणि फेरचाचणीत तीच गाडी १३३ फुटांत थांबली. ब्रेकचं एक पॅडही बदललं नव्हतं. एकोणीस फूट म्हणजे झेब्रा क्रॉसिंगवरच्या माणसाचा जीव. ही या तंत्राची खरी थोरवी आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

त्याच कंपनीच्या आणखी दोन घटना या तंत्राची दुसरी बाजू दाखवतात. २०१७ साली फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ येत असताना टेस्लाने तिथल्या काही गाड्यांची रेंज दुरूनच, तात्पुरती वाढवून दिली. मालकांना गाव सोडून लांब जाता यावं हा हेतू चांगलाच होता. पण त्यातून हेही उघड झालं की, त्या गाड्यांच्या बॅटरीचा एक भाग सॉफ्टवेअरने कुलूपबंद ठेवलेला होता आणि किल्ली कंपनीकडे होती. पुढे २०१९ मध्ये एका अपडेटने काही मॉडेल एस गाड्यांच्या बॅटरीचा कमाल व्होल्टेज उतरवला. मालक न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये १,७४३ गाड्यांसाठी पंधरा लाख डॉलरची तडजोड झाली. जो हात देणारा आहे, तोच काढूनही घेऊ शकतो. विक्रीनंतरही गाडीवर कंपनीचा हात राहणार असेल, तर त्या हाताची जबाबदारीही विक्रीनंतर राहिली पाहिजे.

जगाने या जबाबदारीचा विचार केलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२० साली सॉफ्टवेअर अपडेटसाठी ‘आर १५६’ हा नियम मंजूर झाला. दुरून होणाऱ्या अपडेटचा हेतू काय, त्याने गाडीच्या कोणत्या कामात बदल होणार, वेळ किती लागणार, तोवर कोणती सोय बंद राहणार, हे वापरणाऱ्याला आधी सांगितलं पाहिजे, असं तो म्हणतो. अपडेट मध्येच फसलं तर गाडी आधीच्या किंवा सुरक्षित स्थितीत आली पाहिजे, असंही त्यात आहे. भारतात याच धर्तीवर ‘एआयएस १९०’ हे मानक तयार झालं. वाहनांच्या मानकांच्या समितीचं सचिवालय आहे आपल्या एआरएआयकडे, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या आणि वेताळ टेकडीवर उभ्या असलेल्या त्या संस्थेकडे. सकाळी त्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या हजारो पुणेकरांच्या वाटेवरच देशातल्या गाड्यांचे नियम आकार घेतात.

पण ‘वापरणारा’ म्हणजे नेमका कोण? मालकाच्या मोबाइलमधल्या ॲपवर अपडेटची सूचना येते, तो ‘स्वीकारा’ दाबतो, आणि रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम उरकतं. सकाळी मात्र गाडी बाहेर काढणारा बरेचदा दुसराच असतो. कधी मुलगी, कधी सासरे, कधी बीड-धाराशिवकडून पोटासाठी पुण्यात आलेला ड्रायव्हर. त्याच्या मोबाइलवर ते ॲप नसतं, आणि असलं तरी इंग्रजीतली चार ओळींची सूचना त्याच्या उपयोगाची नसते. ‘सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या’ अशा मोघम शब्दांत ब्रेकच्या वागण्यातला बदल सांगितला, तर कागदोपत्री नियम पाळला जाईल. चालकाला मात्र काहीच कळणार नाही. सूचना स्टिअरिंगसमोर, मराठीत, साध्या वाक्यांत आली पाहिजे आणि गाडी पहिल्यांदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला दिसली पाहिजे.

हाच विचार चालक-साहाय्याच्या सोयींना, म्हणजे सगळे ज्याला ‘एडास’ म्हणतात त्याला, अधिकच लागू होतो. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, टाटांची २०२५च्या जूनमध्ये आलेली हॅरियर ईव्ही, या गाड्यांबरोबर ‘लेव्हल २’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत शिरला. शून्य ते पाच अशा सहा पातळ्यांतली ही तिसरी. यात गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, लेनमध्ये राहायला मदत करते, धोका दिसला तर आपणहून ब्रेक लावते. मात्र डोळे रस्त्यावर ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसाची. कॅमेरा आणि रडार मदतनीस आहेत, चालक नाहीत.

या मदतीतली गोम लिझन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच दाखवून दिली होती. कारखान्यांतल्या नियंत्रणकक्षांबद्दल त्यांनी लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: यंत्रणा जितकी प्रगत, तितकं माणसाच्या वाट्याला फक्त लक्ष ठेवण्याचं आणि अवघड क्षणी सूत्रं हाती घेण्याचं काम उरतं, पण रोजचा सराव सुटल्यामुळे नेमक्या त्या क्षणासाठी माणूस कच्चा पडतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर तासभर गाडीने स्वतः अंतर राखलं की चालकाचं मन सैलावतं. मग बोरघाटाच्या वळणावर धुकं येतं, लेनच्या रेषा दिसेनाशा होतात, आणि गाडी एका टिंग आवाजासरशी सगळा कारभार त्याच्या हाती परत देते.

शहरात अनुभव उलटा येतो. इथे यंत्रणा सैल पडू देत नाही, ती हैराण करते. सुरक्षित अंतर म्हणून तिने सोडलेल्या जागेत लगेच दुचाकी शिरते. गाडी मंदावते, पुन्हा अंतर सोडते, पुन्हा कोणीतरी कट मारून शिरतं. पावसाळ्यानंतर पुसट झालेल्या पट्ट्या कॅमेऱ्याला सापडत नाहीत. खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवावं तर लेन राखणारी सोय ते उलट ओढू पाहते. त्यामुळे गाडी सुरू केली की आधी ती सोय बंद करायची, हा अनेक मालकांचा रोजचा शिरस्ता झाला आहे. नवले पुलाच्या उतारावर तर भीती मागच्याची असते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारे अवजड ट्रक तिथे ब्रेक निकामी होऊन आदळल्याचे अपघात पुण्याने वारंवार पाहिले आहेत. अशा ठिकाणी पुढे आडव्या आलेल्या दुचाकीसाठी गाडीने कचकन ब्रेक लावला, तर मागचा ट्रक थांबेल का, हे पुढचं रडार जाणत नाही.

यंत्राला रस्ता कोणी शिकवला, यावर बरंच अवलंबून असतं. ‘सिटीस्केप्स’ हा प्रसिद्ध चित्रसंग्रह पन्नास शहरांचा आहे आणि त्यातली बहुतेक शहरं जर्मनीतली. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलच्या मदतीने २०१८ साली दहा हजार चित्रांचा ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ उभारला, तेव्हा त्यात रिक्षा आणि जनावरं यांना स्वतंत्र वर्ग द्यावे लागले. रस्त्याकडेच्या, गाडी जाऊ शकेल अशा कच्च्या जागेलाही द्यावा लागला. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालत होते. आपल्या यंत्रणेची खरी परीक्षा ही माणसं वाचतात का, हीच आहे. २०२३ साली सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीच्या पहिल्या आवृत्तीत आपोआप ब्रेक लागण्याच्या सोयीला गुण नाहीत. गाडीच्या मागे लावलेले पाच तारे धडक सोसण्याबद्दल बोलतात. धडक टाळण्याबद्दल ग्राहकाला जाहिरातीवरच विसंबावं लागतं.

इथे सॉफ्टवेअर अपडेट वरदान ठरू शकतं. आज दुचाकी नीट न ओळखणारी गाडी उद्या ओळखू लागेल, आणि त्यासाठी नवी गाडी घ्यावी लागणार नाही. पण अपडेट म्हणजे सुटका असंही मानून चालणार नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या वीस लाखांहून अधिक गाड्या ऑटोपायलटच्या दोषासाठी ‘परत बोलावल्या’, म्हणजे दुरूनच अपडेट पाठवलं. चार महिन्यांनी तिथल्या सरकारी यंत्रणेने हा उपाय पुरेसा आहे का, याची वेगळी चौकशी सुरू केली. चालकाचं लक्ष ढळतं, हा दोष नुसत्या कोडच्या ओळींनी पुरता निघत नाही.

मग करायचं काय? गाडी घेताना रेंज आणि चार्जिंगबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर लेखी मागावं. अपडेट किती वर्षं मिळत राहतील? बॅटरीला आठ वर्षांची हमी मिळत असेल, तर सॉफ्टवेअरला तेवढी तरी हवीच. ब्रेक-स्टिअरिंगला हात लावणारं अपडेट वेगळं ओळखू येईल का? ते पुढे ढकलता किंवा मागे घेता येईल का? आणि अपघात झाला तर त्या क्षणी कोणती आवृत्ती चालू होती, याची नोंद मालकाला मिळेल का? टेस्ट ड्राइव्हला बाणेरच्या मोकळ्या रस्त्यापेक्षा संध्याकाळच्या लक्ष्मी रस्त्याजवळ जावं, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सोबत न्यावं. ड्रायव्हर असेल तर त्याला आधी.

संस्थांकडून अपेक्षा मोठी आहे. अपडेटची माहिती चालकाच्या भाषेत देणं बंधनकारक व्हावं. एडासच्या चाचण्यांत रिक्षा, तिघं बसलेली दुचाकी, उसाची ट्रॉली आणि पुसट पट्टे असावेत, आणि निकाल जाहीर व्हावेत. हे पुण्यात अशक्य नाही. गाड्या पिंपरी, चाकण आणि रांजणगावला बांधल्या जातात. हिंजवडीत केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज अशा कंपन्यांतले अभियंते जगभरच्या वाहनकंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. मानकांचं काम टेकडीवर चालतं. नियम करणारा, कोड लिहिणारा, गाडी बांधणारा आणि ती चालवणारा एकाच सिग्नलला थांबतात, असं शहर देशात दुसरं सापडणं कठीण. इथल्या ग्राहकाने आपल्या सवयीचा, आपल्या रस्त्याचा आणि आपल्या भाषेचा हक्क ठामपणे मागितला, तर त्याचा फायदा देशातल्या प्रत्येक चालकाला होईल. आणि त्याहून जास्त, रस्त्यावर गाडीविना चालणाऱ्या प्रत्येकाला.